क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट : तयारीपासून हुकूमनाम्यापर्यंत

जोडीदाराच्या क्रूर वागणुकीमुळे घटस्फोट मागता येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र अर्जात ‘छळ’ हा शब्द कितीही वेळा आला तरी न्यायालय त्यावर हुकूम देत नाही. कोणत्या दिवशी, कोठे, काय घडले आणि त्यानंतर एकत्र राहणे का अशक्य झाले, एवढेच ते पाहते. पुढील मार्गदर्शन भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रातील न्यायालयांत, पहिल्यांदाच असा अर्ज करणाऱ्या पती किंवा पत्नीसाठी आहे. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असल्यामुळे प्रत्यक्ष अर्ज मात्र वकिलाच्या सल्ल्यानेच करावा.

पहिली पायरी : आपल्याला कोणता कायदा लागू होतो, हे ठरवा

पती-पत्नी दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असल्यास हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू होतो. अनुसूचित जमातींतील व्यक्तींना हा कायदा केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही, हे अनेकदा अर्ज दाखल झाल्यावर लक्षात येते. म्हणून ही बाब वकिलाला आधीच सांगावी. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली झालेल्या लग्नासाठी त्याच कायद्याचे कलम २७ पाहावे लागते. ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा घटस्फोट अधिनियम, पारशी दांपत्यांसाठी १९३६ चा अधिनियम आणि मुस्लिम पत्नीसाठी मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, १९३९ आहे. या शेवटच्या कायद्यात क्रूरतेचे प्रकारच नमूद केलेले असून, सततची मारहाण, पत्नीच्या मालमत्तेची विल्हेवाट लावणे आणि तिच्या धर्माचरणात अडथळा आणणे यांचा त्यांत समावेश होतो.

या लेखात यापुढे हिंदू विवाह अधिनियम गृहीत धरला आहे. त्यातील कलम १३(१)(आय-ए) नुसार, विवाहानंतर जोडीदाराने क्रूरतेची वागणूक दिली असेल तर पती किंवा पत्नी, दोघांपैकी कोणीही, घटस्फोट मागू शकते. हे कारण मूळ कायद्यात घटस्फोटासाठी नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी क्रूरतेमुळे केवळ न्यायिक विभक्तता (म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळे राहण्याची न्यायालयीन मुभा) मिळत असे, आणि तीही जोडीदारासोबत राहणे धोक्याचे किंवा हानिकारक ठरेल अशी वाजवी भीती दाखवली तरच. दुरुस्तीनंतर ती अट शब्दांतून गेली, त्यामुळे जीविताला धोका असलाच पाहिजे असे आज नाही. तरीही जुन्या कल्पना टिकून आहेत. अंगावर वळ नाहीत म्हणजे आपल्याकडे कारण नाही, असे समजून वर्षानुवर्षे गप्प बसणारी माणसे आजही वकिलांकडे येतात.

दुसरी पायरी : आपल्या बाबतीत घडले ते कायद्याच्या दृष्टीने क्रूरता आहे का, हे तपासा

कायद्यात क्रूरतेची व्याख्या दिलेली नाही, आणि ती जाणीवपूर्वक दिलेली नाही असेच मानले जाते, कारण एका घरात सहन होणारी गोष्ट दुसऱ्या घरात असह्य ठरू शकते. त्या दोघांचे शिक्षण, राहणीमान, वय, प्रकृती आणि आजवरचे संबंध यांच्या पार्श्वभूमीवरच न्यायालय ती तोलते. शारीरिक क्रूरता ओळखणे तुलनेने सोपे असते. मानसिक क्रूरतेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या भगत प्रकरणात सांगितलेली कसोटी आजही वापरली जाते: ज्या वर्तनामुळे दुसऱ्या पक्षाला इतका मानसिक त्रास होतो की त्याने त्या जोडीदारासोबत राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येत नाही, ते वर्तन मानसिक क्रूरता होय. त्रास देण्याचा हेतू सिद्ध झालाच पाहिजे, असे बंधन नाही. हुंड्याची मागणी हीसुद्धा क्रूरता आहे, हे १९८८ मध्येच स्पष्ट झाले आहे.

२००७ च्या समर घोष निकालात न्यायालयाने मानसिक क्रूरतेची काही उदाहरणे एकत्र दिली. ही यादी संपूर्ण नाही, असे न्यायालयानेच म्हटले आहे. परंतु नवख्या वाचकाला अंदाज येण्यासाठी ती उदाहरणे फार उपयोगी आहेत. सतत अपमानास्पद आणि शिवीगाळीची वागणूक, शारीरिक अक्षमता किंवा सबळ कारण नसताना दीर्घकाळ एकतर्फी शरीरसंबंध नाकारणे, जोडीदाराला न सांगता व वैद्यकीय कारण नसताना नसबंदी किंवा गर्भपात करून घेणे, मूल नको असा निर्णय एकट्यानेच घेऊन टाकणे, अशी ती उदाहरणे आहेत. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: किरकोळ कुरबुरी, भांडणे, रोजच्या संसारात होणारी झीज यांना क्रूरता म्हणता येत नाही, आणि एखाद-दुसऱ्या घटनेपेक्षा बऱ्याच काळाच्या वागणुकीचा एकत्रित विचार करावा लागतो. स्वयंपाकावरून झालेले वाद, माहेरी जास्त दिवस राहणे, सासूशी न पटणे एवढ्यावर उभा केलेला अर्ज बहुधा टिकत नाही. मात्र याच गोष्टींसोबत घराबाहेर काढणे, पगार काढून घेणे किंवा चारचौघांत चारित्र्यावर बोलणे असेल, तर चित्र बदलते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘आमचे लग्न आता उरलेलेच नाही’ हे स्वतंत्र कारण हिंदू विवाह अधिनियमात नाही. विवाह पूर्णपणे मोडकळीस आला आहे म्हणून तो संपुष्टात आणण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली (म्हणजे पूर्ण न्याय देण्यासाठी केवळ त्याच न्यायालयाला असलेल्या विशेष अधिकारात) वापरते, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही. दीर्घकाळ वेगळे राहणे हा क्रूरतेचा एक भाग म्हणून मांडता येतो, पण तो मुद्दा क्रूरतेच्या चौकटीतच बसवावा लागतो.

तिसरी पायरी : घटनांची नोंद करा

वकिलाकडे जाण्यापूर्वीचे हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच घाईत उरकले जाते. एक वही घ्या आणि लग्नाच्या तारखेपासून आजपर्यंतचा क्रम लिहा. प्रत्येक घटनेसाठी तारीख, आणि ती नेमकी आठवत नसेल तर महिना किंवा जवळचा सण, ठिकाण, उपस्थित माणसे, बोललेले शब्द शक्य तितके जसेच्या तसे, आणि त्यानंतर तुम्ही काय केले, हे नमूद करा. शेवटचा मुद्दा अनेक जण विसरतात. घटनेनंतर तुम्ही डॉक्टरकडे गेलात, भावाला फोन केला, शेजाऱ्यांकडे झोपायला गेलात की काहीच केले नाही, यावरच पुढे उलटतपासणी होते.

फरक लक्षात यावा म्हणून अर्जातील एकच परिच्छेद दोन प्रकारे पाहू. पहिला असा (‘सामनेवाला’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो पक्ष): ‘सामनेवाल्याने अर्जदाराचा वेळोवेळी अतोनात शारीरिक व मानसिक छळ केला आणि तिला जगणे नकोसे केले.’ दुसरा असा: ‘गणेश विसर्जनाच्या रात्री साधारण अकरा वाजता सामनेवाल्याने अर्जदाराचा मोबाइल हिसकावून फोडला, तिला दंडाला धरून दाराबाहेर ढकलले आणि आतून कडी लावली. अर्जदार पहाटेपर्यंत जिन्यात बसून होती. वरच्या मजल्यावरील शेजारीण तिला घरी घेऊन गेली व दुसऱ्या दिवशी अर्जदाराने दंडावरील सुजेसाठी दवाखान्यात उपचार घेतले.’ पहिल्या परिच्छेदावर सामनेवाल्याचे वकील एका ओळीत ‘हे म्हणणे खोटे आहे’ असे लिहून मोकळे होतात. दुसऱ्यावर त्यांना त्या रात्री त्यांचे अशील कोठे होते हे सांगावे लागते, आणि शेजारीण व दवाखान्याची चिठ्ठी ही दोन्ही तुमच्या बाजूने उभी राहतात.

चौथी पायरी : पुरावा जमवा आणि जपून ठेवा

वैवाहिक दाव्यात फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्धतेची गरज नसते. दोन्ही बाजूंचा पुरावा तोलल्यावर तुमचे म्हणणे अधिक संभवनीय वाटले पाहिजे, हे मूळ पुण्यातील असलेल्या दास्ताने प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले आणि तेव्हापासून तोच नियम आहे. चार भिंतींच्या आतल्या गोष्टींना साक्षीदार नसतात हे न्यायालयांना माहीत असते. तुमची स्वतःची साक्ष सुसंगत आणि विश्वासार्ह असेल तर तिला वजन असते. कागद त्या साक्षीला आधार देतात.

कागद म्हणजे काय? उपचाराचे केसपेपर आणि सरकारी रुग्णालयातील एमएलसी (पोलीस प्रकरण होऊ शकणाऱ्या इजेची) नोंद, पोलीस ठाण्यातील एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) किंवा तक्रार अर्जाची शिक्का मारलेली पोच, बँकेचे उतारे, पत्रे, ई-मेल आणि मोबाइलवरील संदेश. संदेशांचे नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवणे पुरेसे नाही. मूळ संदेश ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नये, बदलू नये आणि त्यातील काही पुसू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. निवडक संदेश देणे टाळावे. मागचे-पुढचे संवाद गाळले असतील तर दुसरी बाजू तेच हजर करते आणि तुमचा सगळाच पुरावा संशयित ठरतो.

जोडीदाराच्या नकळत केलेल्या ध्वनिमुद्रणाबाबत उच्च न्यायालयांत मतभेद होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधील अशी संभाषणे वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून वापरता येतात असा निर्णय दिला. तरीही माझे मत असे आहे की आधीपासून उपलब्ध असलेले मुद्रण वापरावे, परंतु पुरावा मिळावा म्हणून मुद्दाम भांडण उकरून काढू नये. ऐकणाऱ्याला ते लगेच कळते.

सुरक्षितता आधी

मारहाण चालू असेल तर घटस्फोटाच्या अर्जाची वाट पाहत बसू नये. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. पत्नीला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आणि आर्थिक मदतीचा आदेश स्वतंत्रपणे मिळू शकतो. पती किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाबाबतचे भारतीय दंड संहितेतील पूर्वीचे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. ते फौजदारी प्रकरण असून त्यातून घटस्फोट मिळत नाही, आणि घटस्फोटासाठी ते दाखल केलेच पाहिजे असेही नाही. दबाव आणण्यासाठी घरातल्या सर्व माणसांची नावे घालून केलेली खोटी तक्रार ही स्वतःच क्रूरता ठरल्याचे अनेक निकाल आहेत.

पाचवी पायरी : अर्ज कधी आणि कोठे करायचा

लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी घटस्फोटाचा अर्ज करता येत नाही. अपवादात्मक हालअपेष्टा असतील तर न्यायालयाची परवानगी मागता येते, परंतु ती सहज मिळत नाही. लग्न जेथे लागले, सामनेवाला जेथे राहतो किंवा पती-पत्नी शेवटचे जेथे एकत्र राहिले, त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या जेथे राहते तेथेही करता येतो. माहेरी परतलेल्या स्त्रीसाठी ही तरतूद मोठी सोय आहे. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे अर्ज त्या न्यायालयात, आणि जेथे नाही तेथे सामान्यतः दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे जातो.

अर्जासोबत लग्नपत्रिका, विवाहाचे छायाचित्र किंवा नोंदणी दाखला, दोघांच्या पत्त्याचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले आणि पुराव्याच्या कागदांची यादी जोडावी. कौटुंबिक न्यायालयात वकील देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो आणि प्रत्यक्षात ती दिली जाते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्जात काय लिहावे याइतकेच काय लिहू नये हेही महत्त्वाचे आहे. जोडीदाराच्या चारित्र्याबद्दल ऐकीव आरोप करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. २००३ च्या भाटे प्रकरणात पतीने कैफियतीत (अर्जाला दिलेल्या लेखी उत्तरात) पत्नीच्या चारित्र्यावर केलेले घाणेरडे आरोप हीच सर्वोच्च न्यायालयाने क्रूरता मानली; नंतर दुरुस्ती करून ते आरोप मागे घेतल्याचा त्याला उपयोग झाला नाही. जे सिद्ध करता येणार नाही ते लिहू नये. दहा डळमळीत घटनांपेक्षा चार भक्कम घटना अधिक उपयोगी पडतात, कारण एक घटना खोटी ठरली की उरलेल्या नऊंवरचा विश्वासही जातो.

सहावी पायरी : समन्स, समुपदेशन आणि अंतरिम पोटगी

अर्जाला क्रमांक मिळाला की सामनेवाल्याला समन्स निघते. त्याने ३० दिवसांत कैफियत द्यायची असते व ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढू शकते. तो त्याच दाव्यात प्रतिदावाही (तुमच्याविरुद्ध स्वतःची मागणी) करू शकतो. तो हजरच झाला नाही तर प्रकरण एकतर्फी चालते. तरीही पुरावा द्यावाच लागतो.

दरम्यान कौटुंबिक न्यायालय तुम्हाला विवाह समुपदेशकाकडे पाठवते. काही जण याला निव्वळ औपचारिकता समजून जातात, तर काहींना परत नांदायला पाठवतील अशी भीती वाटते. समेटासाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, पण कोणावर सक्ती होत नाही आणि तेथे झालेले बोलणे गोपनीय राहते. मुलांना भेटण्याच्या वेळा, स्त्रीधन परत देणे अशा बाबी येथेच सुटू शकतात. काही प्रकरणांत याच खोलीत दोघे परस्पर संमतीच्या घटस्फोटाकडे वळतात. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, आणि संमतीच्या अर्जाच्या पहिल्या व दुसऱ्या टप्प्यामधील सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. आरोप सिद्ध करण्याची जिद्द आणि लवकर मोकळे होण्याची गरज यांपैकी आपल्याला नेमके काय हवे आहे, याचा विचार या टप्प्यावर शांतपणे करावा.

उत्पन्नाचे पुरेसे साधन नसलेला पक्ष, मग तो पती असो वा पत्नी, कलम २४ खाली दावा चालू असेपर्यंतची पोटगी व दाव्याचा खर्च मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. त्या शपथपत्रात काहीही लपवू नये.

सातवी पायरी : साक्ष आणि उलटतपासणी

वादाचे मुद्दे न्यायालयाने निश्चित केल्यावर तुमची सरतपासणी, म्हणजे तुमच्या बाजूची स्वतःची साक्ष, शपथपत्रावर दाखल होते आणि मग उलटतपासणी येते. क्रूरतेचे बहुतेक दावे येथे जिंकले किंवा हरले जातात. प्रश्न फार साधे असतात. ‘या घटनेनंतर तुम्ही दोघे महाबळेश्वरला गेला होता, हे खरे आहे का?’ आणि पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांचे छायाचित्र पुढे येते.

या प्रश्नामागे क्षमापनाचा मुद्दा असतो. क्रूरता घडली, परंतु दुसऱ्या पक्षाने ती माफ करून पूर्ववत सहवास सुरू केला, असे दिसल्यास कलम २३ मुळे घटस्फोट नाकारला जाऊ शकतो. दास्ताने प्रकरणात नेमके हेच झाले: पत्नीचे वर्तन क्रूर होते असे न्यायालयाने मान्य केले, पण त्यानंतरही दोघांचा सहवास चालू राहिला व तिसरे अपत्य झाले, म्हणून पतीचा अर्ज फेटाळला गेला. मात्र त्याच निकालाप्रमाणे माफी ही पुन्हा तसे न वागण्याच्या अटीवरच असते. वागणूक पुन्हा सुरू झाली तर जुन्या घटनाही जिवंत होतात. म्हणून सहलीचे छायाचित्र नाकारत बसू नये. गेलो होतो, मुलांसाठी गेलो होतो, आणि परत आल्यावर अमुक दिवशी पुन्हा हे घडले, असे खरे उत्तर द्यावे. हे उत्तर अर्जातच लिहिलेले असेल तर आणखी चांगले.

अर्ज करण्यास अनावश्यक विलंब झाला का, आणि अर्जदार स्वतःच्याच चुकीचा फायदा घेत आहे का, हेही याच कलमाखाली तपासले जाते. दोघांपैकी एकानेही मागणी केली तर कामकाज बंद दाराआड चालते, त्यामुळे अनोळखी लोकांसमोर बोलावे लागेल या भीतीने माघार घेण्याचे कारण नाही. नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत दावा निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. लढवलेल्या दाव्याला प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ लागतो आणि तारखांची तयारी ठेवूनच आत शिरावे.

आठवी पायरी : हुकूमनाम्यानंतर

क्रूरता सिद्ध झाली तरी परिस्थिती पाहून न्यायालय घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्ततेचा हुकूम देऊ शकते. कायम पोटगी आणि मुलांचा ताबा यांसाठी कलम २५ व २६ खाली वेगळी मागणी मूळ अर्जातच करून ठेवावी. हुकूमनाम्याची प्रत पक्षकारांना विनामूल्य मिळते. अपिलाच्या मुदतीबाबत दोन आकडे ऐकू येतात, कारण कौटुंबिक न्यायालय अधिनियमात ३० दिवस आहेत आणि हिंदू विवाह अधिनियमात ९०. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ९० दिवस ग्राह्य धरले आहेत, तरी अपील करायचे असेल तर ३० दिवसांच्या आत करणेच शहाणपणाचे ठरते. पुनर्विवाह मात्र अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले गेल्यावरच करता येतो. त्यामुळे हुकूमनामा हाती आल्याबरोबर नव्या लग्नाची तारीख ठरवू नये, आधी अपील दाखल झाले आहे का याची उच्च न्यायालयात चौकशी करून घ्यावी.